गाळात काय साचलंय, माशात काय उतरलंय: नागपूरच्या तलावांचे नमुने घेण्याची पूर्ण कृती

तलावाचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत दिलं आणि अहवालात ‘आढळले नाही’ असं आलं, म्हणून तलाव स्वच्छ ठरत नाही. डीडीटी, लिंडेन, पीसीबी ही रसायनं पाण्यात फारच थोडी विरघळतात. ती गाळाच्या बारीक कणांना आणि कुजलेल्या पाल्याला चिकटून तळाशी बसतात. तिथले किडे आणि गोगलगायी ती खातात, त्यांना मासे खातात, आणि रसायन माशाच्या चरबीत साठत जातं. पारा चरबीत न बसता मांसात बसतो, पण तोही गाळातूनच वर येतो. त्यामुळे तपासायचं ते गाळ आणि मासे, पाणी नव्हे.

महाविद्यालयाचे गट, तलाव बचावचे कार्यकर्ते, मच्छीमार संस्था यांना स्वतः नमुने घेता यावेत म्हणून ही कृती सविस्तर दिली आहे. यंत्र बहुतेक वेळा बरोबर मोजतं. माती होते ती होडीत, नाही तर अहवालातल्या एककाच्या रकान्यात.

आधी प्रश्न ठरवा

‘हे मासे खावेत का?’ आणि ‘तलावात काय आलं, कुठून आलं?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांचे नमुनेही वेगळे. पहिल्यासाठी लोक जी जात, ज्या आकाराची, जो भाग खातात तेवढंच तपासायचं. दुसऱ्यासाठी गाळ आणि तलावातच जन्मलेले, वाढलेले मासे हवेत. एकाच नमुन्यातून दोन्ही उत्तरं काढायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

मग रसायनांची यादी. ‘सगळं तपासा’ असं सांगितलं तर प्रयोगशाळा तिच्या ठरलेल्या यादीतलं तपासते, तुम्हाला हवं ते नव्हे. नागपुरात विचार करण्याजोगे गट असे.

जुनी कीटकनाशकं. डीडीटीला शेतीत १९८९ पासून बंदी आहे, पण डासांसाठी ते पुढेही वापरलं गेलं. बीएचसी म्हणजे तांत्रिक एचसीएच १९९७ मध्ये बंद झालं, लिंडेनचा वापर २०१३ मध्ये थांबला, एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. कापसाच्या मुलखात ही नावं कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत.

पीसीबी. जुन्या ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या तेलातलं. भारताने २०१६ च्या आदेशाने त्याचं उत्पादन आणि आयात बंद केली, पण जुनं तेल भंगाराच्या वाटेने फिरत राहतं.

पारा. कोळशात तो थोडा असतोच आणि जळताना धुरासोबत निघतो. कोराडी आणि खापरखेडा इथे औष्णिक वीजकेंद्रं असल्यामुळे तो यादीतून वगळू नका.

पीएफएएस. आग विझवण्याचा फेस, क्रोम प्लेटिंग आणि पाणी न धरणारे लेप यांतली रसायनं. सोनेगाव तलाव विमानतळाशेजारी आहे आणि विमानतळांवर असा फेस जगभर वापरला गेला आहे, एवढं कारण तिथे तपासायला पुरे.

शिसं आणि कॅडमियम हे सेंद्रिय प्रदूषक नव्हेत, पण तेही नष्ट होत नाहीत. मूर्तींचे रंग, जुने पेंट, बॅटऱ्या हे त्यांचे ओळखीचे उगम. विसर्जन होणाऱ्या तलावात ते घ्याच.

कोणता तलाव, कुठली जागा

अंबाझरी (१८७०) आणि गोरेवाडा (१९१२) हे पाण्यासाठी पाळ घालून अडवलेले तलाव. अशा तलावात खोली पाळीकडे असते आणि नाला दुसऱ्या टोकाने येतो. नाल्याच्या मुखाशी जाड वाळू पडते, बारीक चिकट गाळ पाळीजवळच्या खोल भागात बसतो. रसायनं बारीक गाळाला चिकटतात, म्हणून फक्त नाल्याच्या मुखाचा नमुना घेतला तर वाळूच हाती लागते आणि आकडा फसवा कमी येतो. मुख, मुखापासून आत जिथे गाळ मऊ होतो ती जागा, मध्य, पाळीजवळचा खोल भाग आणि वापराच्या घाटाजवळची जागा, असे पाच बिंदू एका तलावाला पुरतात. अंबाझरीला वाडी आणि हिंगणा एमआयडीसीकडून येणारं पाणी पाहता पश्चिमेकडच्या नाल्यांच्या मुखाशी एक बिंदू जास्त ठेवावा.

दोन गोष्टी आधी विचारून घ्या. गाळ अलीकडे काढला आहे का? काढला असेल तर जुना थर गेला, आणि खालच्या थरांवरून इतिहास वाचायचा प्रयत्न सोडून द्यावा. दुसरं, मोठा पूर येऊन गेला का? २३ सप्टेंबर २०२३ च्या पावसात अंबाझरी ओसंडून वाहिला. अशा पुरानंतर वरचा थर हललेला असतो, म्हणून पुराआधीच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये.

जलपर्णीने झाकलेल्या भागात ग्रॅब (तळाचा गाळ पकडून वर आणणारा जबड्याचा डबा) नीट बंद होत नाही, आणि तिथली परिस्थितीही वेगळी असते. पर्णीखाली ऑक्सिजन संपतो, आणि अशा ठिकाणी साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा (माशांच्या अंगात साठणारं, जास्त विषारी रूप) होण्याचं प्रमाण वाढतं. तो बिंदू घेतलात तर नोंदवहीत ‘जलपर्णीखाली’ असं स्पष्ट लिहा.

ऋतू आणि परवानगी

गाळ आणि मासे दोन्ही एकाच हंगामात घ्यायचे असतील तर एप्रिल अखेर ते मे हा काळ चांगला. पाणी उतरलेलं असतं, होडी तळापर्यंत पोचते, आणि रोहू, कटला, मृगळ यांची पावसाळ्यातली वीण व्हायची असल्यामुळे अंगात चरबी भरलेली असते. वीण झाली की चरबी उतरते आणि चरबीत बसणाऱ्या रसायनांचा आकडाही बदलतो. दुसरी फेरी नोव्हेंबरात घ्यावी. विसर्जनानंतर लगेच घेतलेला नमुना वेगळा प्रश्न विचारतो, तो या दोन फेऱ्यांत मिसळू नये.

मे महिन्याची किंमत बर्फात मोजावी लागते. तापमान ४५ अंशांच्या आसपास असताना थर्माकोलच्या पेटीतला बर्फ दुपारपर्यंत टिकत नाही. माशांच्या वजनाच्या दुप्पट बर्फ घ्या, पहाटे निघा, दहापर्यंत किनाऱ्यावर या.

परवानगी दोन ठिकाणी लागते: तलावाची मालकी ज्याच्याकडे आहे तो विभाग (महापालिका, सुधार प्रन्यास किंवा अन्य) आणि मासेमारीचा ठेका असलेली सहकारी संस्था. दुसरीला वगळून काम होत नाही. ढिवर आणि भोई मच्छीमारांना तळ कुठे मऊ आहे, कोणता मासा कुठे बसतो, बीज कधी सोडलं हे ठाऊक असतं. आणि निकाल वाईट निघाला तर पहिला फटका त्यांनाच बसतो. कशासाठी आणि कोणाला दाखवण्यासाठी तपासणी करतोय हे त्यांना सुरुवातीलाच सांगा.

बाटल्या, फॉइल आणि धुणं

इथे सगळ्यात जास्त नासाडी होते, कारण प्रत्येक गटाला वेगळं भांडं लागतं आणि एकासाठी बरोबर असलेलं दुसऱ्यासाठी चूक असतं.

कीटकनाशकं आणि पीसीबीसाठी रुंद तोंडाची, तपकिरी काचेची २५० मिलिलिटरची बरणी, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर. साबणाने धुवा, नळाच्या आणि मग शुद्ध पाण्याने खंगाळा, मग ॲसिटोन, शेवटी हेक्झेन. ४५० अंशांवर चार तास भट्टीत तापवली तर उत्तम (झाकणं सोडून). प्लास्टिकची बरणी नको, कारण प्लास्टिकमधले थॅलेट गाळात उतरतात आणि इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरवर (ही रसायनं मोजणारं यंत्र) आलेखात खोट्या शिखरांचा गोंधळ घालतात.

पारा आणि इतर धातूंसाठी उलट: प्लास्टिकच्या बरण्या चालतात. १० टक्के नायट्रिक आम्लात २४ तास बुडवून, शुद्ध पाण्याने तीनदा धुऊन, दोन पिशव्यांत बंद करून ठेवा.

पीएफएएससाठी पॉलिप्रॉपिलीन किंवा जाड पॉलिथिलीनच्या बरण्या. इथे टेफ्लॉन आणि ॲल्युमिनियम फॉइल दोन्ही वर्ज्य. पाणी न धरणारं जॅकेट, वॉटरप्रूफ नोंदवही, तेलकट न होणाऱ्या कागदात गुंडाळलेला नाश्ता हेही होडीत नको. वहीला साधा कागद, लिहायला पेन्सिल. पीएफएएसचा नमुना त्या बिंदूवर सगळ्यात आधी घ्यायचा आणि पेटी वेगळी ठेवायची.

मासे गुंडाळायला फॉइल (पीएफएएस सोडून) ४०० अंशांवर तापवलेलं घ्या, मंद बाजू माशाकडे. हेक्झेन आणि ॲसिटोनची सगळी धुणी प्रयोगशाळेतच उरका. उन्हात, होडीत, बिडी ओढणाऱ्या माणसाशेजारी हेक्झेनची बाटली उघडायची नाही. वापरलेलं द्रावक सिंकमध्ये न ओतता वेगळ्या कॅनमध्ये साठवायचं.

गाळ काढणं

मऊ गाळाला १५ × १५ सेंटिमीटरचा एकमन ग्रॅब पुरतो. तो तळावर हलकेच टेकवायचा. वरून आपटला तर वरचा, सगळ्यात नवा आणि आपल्याला हवा असलेला थर धुरळ्यासारखा उडून जातो. टेकल्यावर दोरी ताठ धरा आणि वजन सोडा, म्हणजे जबडा मिटतो. वर आला की तीन गोष्टी बघा: जबडा पूर्ण मिटला आहे का, वरचं पाणी बऱ्यापैकी नितळ आहे का, आणि गाळ वरच्या झाकणाला टेकलेला तर नाही. यातलं काहीही चुकलं तर नमुना फेका आणि होडी दोन मीटर सरकवून परत टाका. नागपुरात बहुतेक वेळा जबड्यात जलपर्णीचं मूळ, फांदी किंवा निर्माल्याचा दोरा अडकलेला असतो.

चांगला गाळ आला तर वर एक-दोन मिलिमीटर तपकिरी पापुद्रा आणि खाली काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा थर दिसतो. हा पापुद्रा दिसणं हीच खूण, की वरचा थर जागेवर आहे.

वरचं पाणी नळीने हळू काढा. वरचे पाच सेंटिमीटर घ्यायचे, आणि तेही मधल्या भागातून, ग्रॅबच्या भिंतीला न लावता. धातूंचा भाग आधी प्लास्टिकच्या चमच्याने उचला, कारण स्टीलमधून क्रोमियम आणि निकेल मिसळू शकतं. उरलेला स्टीलच्या चमच्याने स्टीलच्या वाडग्यात. एका बिंदूवर असे पाच ग्रॅब, आणि पाचांचा सारखा सारखा भाग एकत्र कालवून एक मिश्र नमुना. शिंपले, काटक्या, चिंध्या काढून टाका आणि काढल्या हे लिहून ठेवा.

बरणी तीन-चतुर्थांशच भरा. काठोकाठ भरलेली काच डीप फ्रीझरमध्ये फुटते, आणि हा धडा सहसा सगळे नमुने परत घ्यावे लागल्यावरच मिळतो. कणांचा आकार मोजण्यासाठी शंभर ग्रॅम गाळ वेगळ्या पिशवीत ४ अंशांवर ठेवा. तो गोठवायचा नाही, कारण गोठल्यावर चिकणमातीच्या गुठळ्या होतात आणि आकार चुकीचा निघतो. बाकी सगळं उणे २० अंशांवर. पाऱ्याचा नमुना २८ दिवसांत तपासून घ्यावा. सेंद्रिय रसायनांसाठी नमुना फक्त थंड ठेवला असेल तर १४ दिवसांत निष्कर्षण (नमुन्यातून रसायन द्रावकात उतरवणं) व्हायला हवं, गोठवला तर सवड मिळते.

एका तलावाचा किमान हिशोब: पाच बिंदूंचे पाच मिश्र नमुने, एका बिंदूचा दुबार नमुना आणि एक कोरा. कोरा म्हणजे भट्टीत तापवलेली स्वच्छ वाळू बरणीत घालून होडीत न्यायची, गाळ भरताना तेवढा वेळ उघडी ठेवायची आणि बंद करून बाकीच्यांसोबत पाठवायची. तिच्यात पीसीबी निघालं तर ते तलावातलं नाही.

एक सूचना हातापायांची. नाल्याच्या मुखाशी गाळात उतरू नका. वरून घट्ट दिसणारा गाळ कमरेपर्यंत घेतो, आत काच असते आणि सांडपाण्यातले जंतूही. होडी, लाइफ जॅकेट, नायट्राइलचे हातमोजे, आणि काम झालं की साबणाने कोपरापर्यंत धुणं.

मासे: कोणते आणि किती

बाजारातून विकत आणलेला मासा चालत नाही. नागपुरात विकले जाणारे बरेच मासे आंध्रातून बर्फात येतात. जाळ्यातून तुमच्यासमोर निघालेला मासाच घ्या.

त्यातही एक मेख आहे. तलावात दरवर्षी रोहू-कटल्याचं बीज सोडलं जातं. हे मासे वर्षा-दोन वर्षांत झपाट्याने वाढतात आणि वाढत्या अंगात रसायन पातळ होत जातं. म्हणून रोहूचा आकडा कमी आला तर एवढंच कळतं की रोहू खायला बरा आहे, तलाव स्वच्छ आहे असं नाही. तलावाची खबर देतात ते तिथेच जन्मलेले, तळाशी राहणारे किंवा दुसरे मासे खाणारे: मरळ, मागूर, वाम. तिलापिया सगळीकडे मिळतो आणि लोक भरपूर खातात, त्यामुळे खाण्याच्या प्रश्नासाठी तो हवाच. तीन जाती निवडा: एक शिकारी (मरळ), एक तळातला (मागूर किंवा मृगळ), एक सर्वात जास्त खाल्ला जाणारा.

प्रत्येक जातीचे पाच-पाच माशांचे तीन मिश्र नमुने करा, म्हणजे एकूण ४५ मासे. एका मिश्र नमुन्यात सगळ्यात लहान मासा सगळ्यात मोठ्याच्या लांबीच्या ७५ टक्क्यांपेक्षा आखूड नको. मोठा ४०० मिलिमीटरचा असेल तर लहान ३०० च्या खाली जायला नको. मोठा, जुना मासा जास्त पारा बाळगतो. त्याच्यासोबत पिल्लू मिसळलं तर आकडा कोणाचाच राहत नाही.

गिलनेट रात्रभर टाकून सकाळी काढलं तर उन्हाळ्यात त्यातले काही मासे सैल झालेले असतात. ते वगळा. फेकजाळं असेल तर उत्तम. मासा डोक्यावर फटका देऊन लगेच मारा, तलावाच्या पाण्याने खंगाळा, फॉइलमध्ये गुंडाळा, पिशवीत बंद करा आणि बर्फात ठेवा. होडीत पोट फाडायचं नाही, आतड्यातला गाळ मांसाला लागतो. वितळलेलं पाणी पिशवीत शिरणार नाही एवढं बघा.

साफ करणं आणि वाटणं

शक्यतो २४ तासांच्या आत, गोठवण्याआधी. अख्खा मासा गोठवून पूर्ण वितळवला तर आतडी फुटून रस मांसात उतरतो. गोठवलाच असेल तर अर्धवट कडक असतानाच कापा.

१. लांबी मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये. जखमा, गाठी, पर सडलेले असतील तर फोटोसह नोंद. वयासाठी काही खवले कागदाच्या पाकिटात, मागुराचा छातीच्या पराचा काटा.

२. खवल्यांचा मासा असेल तर खवले काढा, कातडी ठेवा. मागुरासारख्या बिनखवल्याच्या माशाची कातडी काढा. हे नियम ‘लोक कसं खातात’ यावर बेतलेले आहेत. तुमच्या भागात मरळ कातडी काढून खात असतील तर तसं करा आणि लिहून ठेवा.

३. कल्ल्यामागून शेपटीपर्यंत काप घ्या. पोटाकडची चरबीची पट्टी मांसासोबतच राहू द्या, ती कापून टाकली तर पीसीबीचा मोठा वाटा कचऱ्यात जातो. काटे काढा.

४. प्रत्येक माशाचा सारख्या वजनाचा भाग घ्या, म्हणजे पाचांचे प्रत्येकी ४० ग्रॅम. एकत्र २०० ग्रॅम. अख्खे काप मिसळले तर मोठा मासा सगळ्या नमुन्यावर हावी होतो.

५. स्टीलच्या भांड्यात, स्टीलच्या पात्यांनी, एकसारखा गुलाबी लगदा होईपर्यंत वाटा. ठिपके किंवा कातडीचे तुकडे दिसत असतील तर लगदा झाला नाही. कातडी वाटली जात नसेल तर कोरड्या बर्फासोबत वाटा. दोन नमुन्यांच्या मध्ये भांडं साबण, पाणी, ॲसिटोन, हेक्झेन या क्रमाने धुवा. पीएफएएससाठी भांडं मेथॅनॉलने.

६. लगद्याचे भाग करा: सेंद्रियांना, पाऱ्याला, चरबी-ओलाव्याला आणि ५० ग्रॅम राखीव.

डोकं रश्शात घालणाऱ्या घरांसाठी डोक्याचा वेगळा नमुना घ्यायला हरकत नाही, त्यात चरबी जास्त असते. गाभोळीचंही तेच. झिंगे किंवा बारीक मासे अख्खे खाल्ले जातात, म्हणून ते अख्खेच वाटायचे.

प्रयोगशाळेला काय विचारायचं

नीरीचं (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) मुख्यालय नागपुरातच आहे, पण तपासणी कुठेही करून घेतलीत तरी प्रश्न तेच. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का, आणि ती कशासाठी? मान्यता पाण्यातल्या कीटकनाशकांची असते आणि अहवाल माशाचा निघतो, असं सर्रास होतं. मान्यतेच्या व्याप्तीत ‘मासे’ आणि ‘गाळ’ हे शब्द, आणि तुमची रसायनं, प्रत्यक्ष वाचा.

शोधमर्यादा लेखी घ्या. पीसीबीची मर्यादा किलोला १०० मायक्रोग्रॅम असेल तर गाळाच्या ५९.८ मायक्रोग्रॅमच्या निकषाशी (तो पुढे दिला आहे) तुलना होऊच शकत नाही, आणि ‘आढळले नाही’ याला अर्थ राहत नाही.

तलावाच्या काळ्या गाळात मूलद्रव्य गंधक भरपूर असतं आणि ते इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरवर मोठं शिखर देऊन सुरुवातीची कीटकनाशकं झाकून टाकतं. निष्कर्षणातून मिळालेल्या द्रावात चकाकतं तांबं घालून गंधक काढलं का, हे विचारा. तांबं काळं पडायचं थांबेपर्यंत ते घालत राहावं लागतं. माशासाठी चरबी काढण्याची पायरी (जेल पर्मिएशन किंवा गंधकाम्ल) कोणती केली हे विचारा. गंधकाम्लाने डायएल्ड्रिन आणि एंडोसल्फान नष्ट होतात. ती यादीत असतील तर ती पद्धत चालणार नाही.

अहवालासोबत कोरा नमुना, दुबार नमुना, प्रमाणित संदर्भ पदार्थ (ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे असा नमुना) आणि प्रत्येक नमुन्यात आधी मिसळलेल्या खुणेच्या रसायनाची परतप्राप्ती (मिसळलेल्यापैकी किती टक्के परत मोजलं गेलं) मागा. ही परतप्राप्ती ७० ते १३० टक्क्यांत असावी. ३० टक्के आली असेल तर आकडा कमी दिसतो आहे, प्रदूषण कमी आहे असं नाही. चरबी, ओलावा आणि गाळातला सेंद्रिय कार्बन हे तीन आकडे मागितल्याशिवाय मिळत नाहीत. ते नसतील तर पुढचं काहीच करता येत नाही.

आकडे वाचणं

सगळ्यात आधी ओलं की कोरडं. माशात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. समजा मरळीचा पारा कोरड्या वजनावर किलोला १.२ मिलिग्रॅम आला आणि ओलावा ७८ टक्के. ओल्या वजनावर तो १.२ × ०.२२ म्हणजे ०.२६ मिलिग्रॅम. खाण्याचे निकष ओल्या वजनावर असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा मिथाइल पाऱ्याचा निकष ०.३ आहे. कोरडा आकडा त्याच्याशेजारी ठेवला तर ‘चौपट’ अशी बातमी होते, आणि ती खोटी असते. गाळाचे निकष मात्र कोरड्या वजनावर.

गाळासाठी बरेच जण मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांचे २००० सालचे एकमत निकष वापरतात. त्याखाली परिणाम संभवत नाही अशी पहिली पातळी आणि बहुधा परिणाम होतोच अशी दुसरी पातळी, किलोला अशी: एकूण पीसीबी ५९.८ आणि ६७६ मायक्रोग्रॅम, एकूण डीडीटी ५.२८ आणि ५७२ मायक्रोग्रॅम, पारा ०.१८ आणि १.०६ मिलिग्रॅम, शिसं ३५.८ आणि १२८ मिलिग्रॅम. हे गाळातल्या किड्यांसाठीचे निकष आहेत. मासा खावा की नाही याच्याशी त्यांचा थेट संबंध नाही.

तांबं, निकेल आणि क्रोमियमच्या बाबतीत नागपुरात मोठा घोळ होतो. शहराचा पश्चिम भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे, पूर्वेकडे नाइससारखे जुने खडक. बेसाल्टात हे तीनही धातू मुळातच भरपूर असतात. काळ्या मातीत किलोला शंभर मिलिग्रॅम तांबं सापडणं नवल नाही, आणि त्या निकषातली तांब्याची पहिली पातळी आहे ३१.६. म्हणजे अंबाझरी, फुटाळा, गोरेवाड्याचा गाळ कारखाना नसतानाही ‘प्रदूषित’ ठरेल. यावर उपाय म्हणजे ॲल्युमिनियमशी गुणोत्तर: गाळातलं तांबं भागिले ॲल्युमिनियम, आणि ते पाणलोटातल्या न बिघडलेल्या मातीच्या त्याच गुणोत्तराने भागा. उत्तर दोनच्या आसपास किंवा खाली असेल तर ते खडकाचं देणं समजावं. दोन्ही नमुने एकाच पद्धतीने विरघळवलेले हवेत. एक पूर्ण आणि एक अर्धवट विरघळवला तर हे गणित कोसळतं. शिसं बेसाल्टात कमी असतं, म्हणून माणसाच्या हस्तक्षेपाची ती जास्त भरवशाची खूण.

डीडीटी जुनं की नवं? हवा असलेल्या जागी त्याचं डीडीई होतं, हवा नसलेल्या गाळात डीडीडी. या दोघांची बेरीज एकूण डीडीटीच्या अर्ध्याहून जास्त असेल तर माल जुना. एचसीएचमध्ये अल्फा आणि गॅमा या त्याच्या दोन रूपांचं गुणोत्तर तांत्रिक बीएचसीत चार ते सात असतं, लिंडेनमध्ये एकाहून कमी. बीटा एचसीएच सगळ्यात चिवट. एकटं तेच उरलेलं दिसलं तर गोष्ट फार जुनी आहे.

माशातलं रसायन याच गाळातून आलं का, हे बघायला दोन्ही आकडे समान पायावर आणा. उदाहरण: गाळात पीसीबी ४० मायक्रोग्रॅम, सेंद्रिय कार्बन २ टक्के, तर कार्बनवर ४० ÷ ०.०२ = २०००. माशात ३० मायक्रोग्रॅम, चरबी १.५ टक्के, तर चरबीवर ३० ÷ ०.०१५ = २०००. गुणोत्तर एक. पीसीबीसाठी साधारण एक ते चार हे अपेक्षित. दहा-वीस आलं तर मासा दुसरीकडे चरतोय, किंवा पाण्यातून ताजा पुरवठा सुरू आहे. अशा वेळी नाल्याकडे परत जावं.

किती खावं याचा हिशोब

मिथाइल पाऱ्यासाठी अमेरिकेची संदर्भमात्रा (आयुष्यभर रोज पोटात गेली तरी धोका नसावा अशी मात्रा) रोज शरीराच्या प्रत्येक किलोला ०.१ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला आठवड्याला ४२ मायक्रोग्रॅम. वरच्या उदाहरणातल्या मरळीत किलोला ०.२६ मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमला ०.२६ मायक्रोग्रॅम, म्हणून ४२ ÷ ०.२६ = सुमारे १६० ग्रॅम. आठवड्यातून एक बरं ताट. १५ किलोच्या मुलाला त्याच हिशोबाने ४० ग्रॅम, म्हणजे एक तुकडा. एकूण पारा मोजला असेल तरी शिकारी माशाच्या मांसातला बहुतांश मिथाइल पाराच असतो, म्हणून आकडा तसाच वापरायला हरकत नाही. गरोदर बाई घरात असेल तर मरळीऐवजी रोहू, एवढं सांगणं पुरेसं आहे.

कातडी, पोटाची आणि पाठीची चरबी काढून, रस वाहून जाईल असं भाजलं तर पीसीबी आणि डीडीटी बरंच कमी होतं. त्याच कढईतल्या तेलाचा रस्सा केला तर ते परत ताटात येतं. पाऱ्याला यातला कुठलाही उपाय लागू नाही, तो मांसातच असतो.

निकाल मच्छीमार संस्थेला आधी द्या, वर्तमानपत्राला नंतर. एका पानावर, जातीवार: कोणता मासा, किती लांबीपर्यंत, आठवड्याला किती. ‘तलावातले मासे विषारी’ या एका ओळीने बीज सोडलेला, खायला बरा असलेला रोहूही पडून राहतो आणि ज्याची चिंता करायची ती मरळ तशीच विकली जाते.

राखून ठेवलेला ५० ग्रॅमचा लगदा आणि गाळाची एक बरणी उणे २० वर किमान वर्षभर ठेवा, वेगळ्या इमारतीत, जनरेटर असलेल्या फ्रीझरमध्ये. आकड्यावर कोणी आक्षेप घेतला तर दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच नमुना देता येतो. झाकणावर चिकटपट्टीचं लेबल नको, उणे २० ला ते गळून पडतं. पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्या पिशवीत घालून बाहेरून बांधा: तलाव, बिंदू, तारीख, जात, नमुना क्रमांक, कोणी घेतला.